फ्रिजवरचा डबा

आमच्या फ्रिजवर बिस्किटांचा एक जुना डबा आहे. आज तो उघडला आणि पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. आत अँटिबायोटिकची अर्धी संपलेली पाकिटं पडली होती. दाढ ठणकली की डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या लिहून द्यायचे. दुसऱ्या दिवशी ठणका थांबला की उरलेल्या गोळ्या मी या डब्यात टाकायचे. औषध वाया घालवायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त! शेजारच्या सुमनताईंचा गाल सुजला, तेव्हा यातल्याच दोन गोळ्या मी त्यांना मोठ्या कौतुकाने दिल्या होत्या.

आता माझ्याच दाढेची हिरडी सुजली आहे. त्यातला पू तपासून आला. सकाळी रिपोर्ट वाचून दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या दाढेतले जंतू नेहमीच्या गोळ्यांना आता दाद देत नाहीत. पू काढू या. दुसरं काही लागू पडतं का, बघू."

बघू! म्हणजे त्यांनाही खात्री नाही.

तेव्हापासून जीभ सारखी त्या दाढेकडे जाते. दरवेळी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की थोडे जंतू वाचले असतील. त्यांना मीच उबेत ठेवलं, गोडधोड खाऊ घातलं, औषधाची सवय लावली. माझ्याच तोंडात.

बेल वाजली. दारात सुमनताई, गालावर हात धरून.

"परत तिथेच सुजलंय हो. आहेत का त्या गोळ्या? मागे दोनातच गुण आला होता."

डबा माझ्या हातातच होता.