चुलीत घातलेला दोर

अल्लीपूरच्या मनकर्णाबाईचा थोरला पोरगा विहिरीत बुडून मेला. त्या दिवसापासून तिनं धाकट्या मोरेश्वरला पाण्याच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. गावची पोरं कमरेला दोर बांधून विहिरीत पोहणं शिकत. शाळकरी मोरेश्वरही एकदा दोर घेऊन आला. "माय, तू धर, मी उतरतो," म्हणाला. तिनं तो दोर चुलीत घातला.

पोरगा हुशार निघाला. अठ्ठ्याहत्तर साली बी.एस्सी. झाला आणि नौदलात अधिकारी होण्यासाठी निवडला गेला. प्रशिक्षणाला कोचीनला गेला, तेव्हा गावानं पेढे खाल्ले. अभ्यासात, कवायतीत तो पुढे; पण पोहण्याच्या हौदाशी आला की पायरीवरूनच मागं फिरे. शिकवणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा संधी दिली, अखेर घरी पाठवलं. गाव हसलं. गावाचं काय जातं!

तो आईला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच तिला सोसवेना. एका सकाळी ती नवा दोर घेऊन विहिरीवर उभी राहिली.

"उतर बापा. दोर माह्या हाती हाय. शिकला तं पुन्हा बलावतीन तुले."

मोरेश्वरनं तिच्या हातातून दोर काढून घेतला.

"दोर तं मी तवाच आनला होता, माय."