अर्ध्या विहिरीतला कंदील

दोधूसारखा माणूस शोधून सापडायचा नाही, असं शहाद्याच्या कॉलेजात सगळे म्हणत. खोटं आहे ते. मान खाली घालून राबणारी, पोटात एखादा काटा घेऊन जगणारी माणसं गल्लोगल्ली असतात. दोधूचा काटा तीस वर्षांचा होता.

प्रकाशा गावी त्यांच्या शेतात विहीर होती. गाळ काढायला थोरला भाऊ भिकन उतरणार होता. बंद पडलेल्या विहिरीत माणसाआधी पेटता कंदील सोडायचा, तो तळाशी विझला तर खाली घातक वायू साचलाय समजून उतरायचं नाही, ही रीत तिथं लेकराबाळांनाही ठाऊक. कंदील सोडायचं काम दोधूचं. "इझना नही," त्यानं सांगितलं. भिकन उतरला, तो जिवंत वर आलाच नाही.

कंदील जळतो आणि माणूस मरतो, म्हणजे दोष बायकोचाच, असं गावानं ठरवून टाकलं. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. भिकनची बायको कौसाबाई पांढऱ्या पायाची ठरली. कुणाच्या हळदीला, कुणाच्या बारशाला तिला बोलावणं नसे. दोधूनं कॉलेजात शिपायाची नोकरी धरली, वहिनीला सांभाळलं, पुतणी चेतनाला शिकवलं. एवढं सगळं केलं, पण एक वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना.

चेतनाला लहानपणापासून एकच कोडं होतं, कंदील जळत असताना बाबा गेले कसे? त्या कोड्यामागं ती रसायनशास्त्रात गेली आणि त्याच कॉलेजात प्राध्यापक होऊन आली. विहिरीत साचतो तोच कार्बन डायऑक्साइड ती पाण्यासोबत काचेच्या पेटीत सोडी, धातूच्या पातळ पत्र्यांतून वीज खेळवी, आणि त्या वायूचं फॉर्मिक आम्ल होई. मुंगी चावल्यावर झोंबतं तेच हे. चामडं कमावायला, गुरांचा चारा टिकवायला कामाचं. कित्येक वर्षं नुसतं फसतच गेलं. दोधू पेट्या धुवायचा.

परवा पहिली बाटली भरली, बोटभर उंचीची. चेतनानं ती काकांच्या हातात दिली. बाबांच्या फोटोपुढं तुम्हीच ठेवा म्हणाली, कंदिलाला जो वायू कळला नाही तो आपण पकडला.

पोरीचं सगळं शिक्षण आपल्या एका खोट्यावर उभं आहे, हे दोधूला सोसेना.

"चेतना, कंदील मी तळलगून सोडेलच नव्हता. टीव्हीवर मॅच व्हती, माले घाई व्हती. अर्धी विहीरमाईनच वर वढी लिन्हा."

पेटी चालूच होती. चेतना स्टुलावर बसली. रडली नाही, रागावलीही नाही. मग उठून तिनं काकांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"हाई आईले सांगाले पाहिजे व्हतं, काका."

कौसाबाईला जाऊन चौदा महिने झाले होते. शेवटपर्यंत ती कुणाच्या हळदीला गेली नव्हती.