काही निघालं नाही

पनवेलच्या आमच्या कॉलेजात नजर टिपणारं यंत्र आलं, तेव्हा आमच्या विभागप्रमुख सरांनी त्याला हार घातला होता. माणूस पडद्यावर नेमकं कुठे बघतो ते त्यात दिसायचं. डोक्यावरची तारांची टोपी मेंदूच्या लहरी पकडायची आणि बोटांना लावलेले सेन्सर घामावरून ताण मोजायचे. तिन्ही नोंदी एकाच वेळी मिळाल्या तरच माणूस संशोधनात धरायचा, असा नियम. मी तिथे सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीवर होते आणि नियम पाळण्यात एक नंबर.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतले कामगार थकव्याच्या चाचणीला येत. त्यातले एक काका फोर्कलिफ्ट चालवायचे, अ‍ॅसिडचे ड्रम हलवायचे. आम्ही बजावलं होतं म्हणून केसांना तेल न लावता आलेले, त्यामुळे जरा ओशाळलेले. "मॅडम, मदीच मला कायच समजत नाय. डोले उगडं असतात, पन मी नसतो," ते म्हणाले. "बायको बोलते, गाडी सोड. तुमच्या मशीनला इचारा, सोडू का नको."

यंत्राने सांगितलं. डोळे उघडे, नजर एका जागी खिळलेली आणि त्याच क्षणी मेंदूच्या लहरी झोपेच्या. असं चारदा झालं. म्हणजे काका उघड्या डोळ्यांनी झोपत होते. पण बोटांची रेघ सपाट. इतकी वर्षं केमिकलमध्ये हात घालून काकांच्या बोटांची कातडी टायरसारखी झाली होती, सेन्सरला घाम लागेचना. तीनदा बोलावलं, तीनदा तेच.

"नोंद अपुरी आहे, काढून टाक," सर म्हणाले. अपुऱ्या नोंदीवरून कुणाला काही सांगायचं नाही, हेही वर बजावलं. म्हणजे अभ्यास त्या कामाचा आणि त्याच कामाने हात असे झाले म्हणून माणूस बाद! सरांचा मला संताप आला. माझा मला त्याहून जास्त, कारण काकांची नोंद मीच पुसली.

पुढच्या आठवड्यात काका निकाल विचारायला आले. "काका, तुमचं काही निघालं नाही," मी म्हणाले. माझ्या मते मी निकालच निघाला नाही, असं सांगत होते. पण दवाखान्यातून आलेल्या माणसाला आपण हेच तर विचारतो, काही निघालं का? काकांचा चेहरा एकदम खुलला. तिथल्या तिथे त्यांनी बायकोला फोन लावला. "कायच निगाला नाय! गाडी सोडत नाय मी आता."

पलीकडून ती काहीतरी खोदून विचारत होती. काकांनी फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही, नुसती मान डोलावली.

"मॅडम हो बोलली," काकांनी तिला सांगितलं.