अर्ध्या शेपट्या

शेपट्या ओळखून कुणी पोट भरतं का? पण मावशींनी बावीस वर्षं तेच केलं. देवमाशांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत होडीवरून काढलेले फोटो यायचे आणि मावशी ते जुन्या फोटोंशी ताडून बघायच्या. शेपटीखालचे पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे. ओळख पटली की खुर्चीतूनच ओरडायच्या, "आला बघा आपला ढब्बू!" रस्त्यात सख्खा जावई समोरून गेला तरी ओळखायच्या नाहीत, ते सोडा.

यंदा पाच अनोळखी शेपट्या आल्या. साहेब खूश! पाच नवे म्हणजे कळप वाढला. संध्याकाळपर्यंत अहवाल वर गेला की देवमाशांसाठी घातलेली जाळ्यांवरची बंदी उठणार होती. मावशींचा धाकटा भाऊ मासेमार. दोन वर्षं घरी बसून बिचारा मेटाकुटीला आला होता.

आणि नेमकं आजच मावशींचं डोकं चक्रावलं. पाच आले ते ठीक, पण जुने पाच गेले कुठे? ढब्बूसुद्धा गायब. शिवाय हे नवे सगळे शेपटीनं अधू, कुणाची एक बाजूच नाही, कुणाची दोरानं कापत गेलेली. हे काय गौडबंगाल? त्यांनी चष्मा पुसला. मग काय मनात आलं कोण जाणे, ढब्बूच्या जुन्या फोटोवर तळहात ठेवून अर्धी शेपटी झाकली. उरलेली अर्धी नव्यातल्या तिसऱ्याशी डाग न् डाग जुळली.

अगं बाई! हा तर ढब्बूच! एकेक करत पाचही जुळले. छे, आपलंच काहीतरी चुकतंय, असं म्हणत त्यांनी तीनदा पडताळलं.

फोटो घेऊन त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "हे नवे नाहीत, साहेब. आपलेच आहेत. समुद्रात राहिलेल्या जुन्या जाळ्यांत अडकून असे झालेत."

साहेबांनी बराच वेळ फोटो उलटसुलट केले. "मग यंदा नवी पिल्लं किती?"

"एकही नाही."

साहेबांनी अहवाल थांबवला. मावशींनी भावाला स्वतःच फोन केला. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. बंदी राहणार, आणि ती माझ्यामुळे, एवढं त्या कसंबसं बोलल्या.

 भाऊ म्हणाला, "ताई, तू बहीण कुणाची गं, माझी की त्या माशांची?"

मावशींनी फोन ठेवला आणि पाचही नव्या फोटोंवर जुनी नावं लिहायला घेतली.