उलटं वाढलेलं ताट

आयटीत नोकरी करत असल्याने स्वतःचा पाककृतींचा ब्लॉग बनवायला मला कुणाची मदत नको होती. कोथरूडच्या घरी रविवारची अख्खी सकाळ रंग आणि अक्षरं निवडण्यात मजेत गेली. सगळ्यात वर सणाच्या ताटाचा फोटो टाकला. पण ताट डावीकडे होतं आणि ब्लॉगचं नावही तिथेच यायचं. मग मी फोटो आरशात दिसावा तसा फिरवून टाकला. नाव मोकळ्या जागेत झकास बसलं.

मोठ्या कौतुकाने सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला.

"चटणी-कोशिंबीर उजवीकडे? आधी ताट नीट वाढ, मग जगाला जेवायला बोलाव."

इतकं निरखून कोण बघतंय, असं तणतणत मी फोटो सरळ केला. नाव कोशिंबिरीवर सांडलं. अजून तिथेच आहे.