जर्मन अप्पा आणि घड्याळवाले

शुक्रवार पेठेत परदेशातून कुणी आलं, की जर्मन अप्पा आधी त्याच्या मनगटाकडं बघायचे. घड्याळ भारी असलं, तर चहा न घेताच उठायचे.

अप्पा शाळेत इतिहासाचे मास्तर. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेल्या गरीब जर्मनांचं त्यांना वेड. निवृत्तीनंतर कट्ट्यावर तेच सांगायचे, तेही उभ्यानं, येरझाऱ्या घालत. जहाजवाल्यांचे दलाल म्हणजे आधी गेलेलीच माणसं. भारी कोट, सोन्याचं घड्याळ घालून गावी यायचे, तिकडं सोनं पिकतं म्हणायचे. भुललेली कुटुंबं जहाजात चढायची आणि जहाजाचं भाडं फेडायला तिकडं वर्षानुवर्षं राबायची. "दलाल परका नसतोय रे," अप्पा म्हणायचे, "त्याला तुझ्या आईचं नाव माहीत असतंय." मी तेव्हा संघटनेत होतो; आमच्या पत्रकांत भांडवलशाहीवर पानंच्या पानं असायची. मला ती या एका वाक्यात कळली.

पुढं त्यांची मुलगी सुनंदा नर्स होऊन खरोखरच जर्मनीला गेली. पेठ हसली. अप्पा हसले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली, तेव्हा तिला नेणाऱ्या एजंटानं नर्सिंग शिकणाऱ्या मुलींची सभा ठेवली. बोलणार सुनंदाच. माझी बहीण वैशाली पहिल्या रांगेत होती. सुनंदानं बर्फ, पगार, स्वच्छ रस्ते सगळं सांगितलं. बोलताना हात हलला, की मनगटावरचं नवं घड्याळ चमकायचं.

अप्पा मागून उठले. "सुनंदा, पहिल्या हिवाळ्यात फोनवर काय म्हणालीस, ते सांग की या पोरींना."

"अप्पा, बसा. घरी बोलू."

"घरी नको. घरातलं घरात ठेवलं म्हणूनच जहाजं भरली."

एजंटानं त्यांचा दंड धरला. ते बघून सुनंदाचा आवाज बदलला. "सोडा त्यांना," म्हणाली. मग सरळ सांगून टाकलं. नर्स म्हणून नेलं, पण पहिलं वर्षभर नुसती म्हाताऱ्यांची अंगं पुसायला लावली. काम सोडते म्हटल्यावर नेण्याचा सगळा खर्च मागितला. तरी ती परत जाणार होती. कामावर आता हात बसला होता. पण मुलींनी आधी सगळं नीट विचारून मगच यावं, म्हणाली.

मुलींनी एजंटाला घेरलं. वैशाली सगळ्यांत पुढं.

बाहेर आल्यावर मी अप्पांना म्हटलं, जिंकलात. ते माझ्यावर उखडले. "मी नुसता उठलो. बोलली ती. आता तिकडं भोगणार कोण, मी?"

सुनंदा ठरल्या दिवसाआधीच निघाली. अप्पांना स्टेशनवर येऊ दिलं नाही.

आता तिचा फोन येतो तो वैशालीला. दर रविवारी संध्याकाळी अप्पा आमच्या दारात येतात. आई खुर्ची पुढं करते. बसत नाहीत. ती काय बोलली, हेही विचारत नाहीत.

"आवाज कसा होता तिचा?" एवढंच विचारतात, आणि उत्तर ऐकून कट्ट्याकडं न वळता भलत्याच गल्लीत चालू लागतात.