तालुक्याबाहेरची कचेरी

माझे सासरे निवृत्त तहसीलदार. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत शुगर लँडला आले, पण खुर्ची भारतात ठेवून यायचं विसरले. आल्या आल्या त्यांनी मागचं अंगण पावलांनी मोजलं आणि शेजाऱ्यांचं कुंपण आपल्या हद्दीत आलंय, असा निकाल दिला!

त्या शेजारच्या घरात एक रशियन आजी राहायच्या. माझी लेक तेव्हा सहावीत. शाळेत परदेशातला एक डिस्ट्रिक्ट निवडून त्याचा भूगोल आणि कारभार मांडायचा होता. तिने आजींचाच निवडला. आकार सोडला तर आपल्या तालुक्यासारखाच. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याला पहिल्या दिवसापासून तालुकाच म्हटलं.

मॉडेल बनवायला दोन आठवडे ती मातीत हात घालून बसली. एका बाजूला नदी, नदीपलीकडे चीन. नदीकाठी परवान्याशिवाय फिरता येत नाही, म्हणून काडेपेटीच्या काड्यांचं कुंपण. दुसरीकडे डोंगर, जंगल. आणि मेदुवड्याच्या भोकासारखं मधोमध एक शहर. तालुक्याची सगळी कार्यालयं या शहरात, पण शहर तालुक्यात नाही! त्याचा कारभार वेगळा. म्हणून तालुका हिरवा, शहर पिवळं आणि भोवती लाल दोऱ्याची हद्द.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी मी लेकीला पोहण्याच्या क्लासहून घेऊन आले. बघते तर दोरा कचऱ्यात, शहर हिरवंगार आणि बाबा ब्रश धुताहेत.

"चूक होती. दुरुस्त केली."

"बाबा, कसली चूक?"

"तालुक्याची कचेरी तालुक्याबाहेर? कोणी सांगितलं?"

"शेजारच्या आजींनी! त्या तिथेच जन्मल्यात!"

"जन्मून काय होतं? मी तालुके चालवलेत!"

"आजोबा, यू रुइन्ड इट!" लेक किंचाळली आणि धाडकन दार लावून घेतलं. माझं डोकं असं तापलं, की त्यावर पोळी भाजली असती. परक्या देशाची हद्द पुसायला याच माणसाला अमेरिकेत यायचं होतं?

मी सरळ शेजारच्या आजींना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावला, हिरव्या शहरावर बोट आपटलं आणि म्हणाल्या, "माय टाउन. नॉट डिस्ट्रिक्ट."

"बट व्हाय?" बाबांनी दरडावलं.

आजींनी खांदे उडवले. मी बाबांच्या हातात पिवळा रंग आणि लाल दोरा ठेवला. जेवण होईपर्यंत ते दोरा चिकटवत पुटपुटत होते, "असल्या तालुक्याचा चार्ज मी घेतलाच नसता."

दुसऱ्या दिवशी शाळेत घरच्यांनाही बोलावलं होतं. बाई मॉडेलवर वाकल्या. ऑफिस डिस्ट्रिक्टच्या बाहेर कसं असेल? ही तर मोठीच चूक, मार्क कापावे लागतील. लेकीला उत्तर ठाऊक होतं, पण ती माझ्याकडेच बघायला लागली. मी पुढे होणार, तेवढ्यात मागे खुर्ची करकरली.

"मॅडम! आय अ‍ॅम रिटायर्ड तहसीलदार! ऑफिस इज आउटसाइड! इट इज करेक्ट!"

तहसीलदार म्हणजे काय, हे बाईंना कळलं नसणार. आवाज मात्र कळला. त्यांनी लेकीला सगळं पुन्हा समजावून सांगायला लावलं. मग ती नदीपासून जंगलापर्यंत धडाधड बोलली आणि पूर्ण मार्क घेऊन खाली बसली.

आणि बाईंनी हात कोणाचा हातात घेतला? बाबांचा! "असे मदत करणारे आजोबा हवेत!" बाबांनी मान तुकवून ते स्वीकारलं. दोन आठवडे मातीने बरबटलेला गालिचा मी धुतला, त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

गाडीत लेक त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "थँक्यू, आजोबा."

"हं," बाबा म्हणाले. "पण आहे ती चूकच."